आडोसा, आवृत्ती ०.७ : भिंतींना वजन

आवृत्ती ०.४ मध्ये नवीन काय

– मेंढ्या आल्या आहेत. मेंढीला सध्या एकच डोळा आहे. दुसरा काढायचा राहिला. *(काढणारीला ताप होता. – काढणारी)*

– दगड फोडल्याचा आवाज बदलला. आधीचा आवाज गाजर चावल्यासारखा येतो, अशी तक्रार होती. तक्रार बरोबर होती. ते गाजरच होतं.

– वारा आता दर दहाव्या दिवशी येईल. आधी तो केव्हाही यायचा, त्यामुळे तिघांनी खेळ सोडला.

– पाण्यात पडलं की खेळ बंद पडत होता. आता फक्त तुम्ही बुडता.

*

या नोंदी ताई लिहायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण आणि ‘आडोसा’ हा खेळ बनवणाऱ्या मंडळींपैकी निम्मी. उरलेली निम्मी मी.

खेळ साधा आहे. तुम्ही एका उघड्या माळावर जागे होता. हातात काही नसतं. जमीन, दगड, झाडं, सगळं चौकोनी ठोकळ्यांचं. ठोकळे खणायचे, रचायचे आणि दहा दिवसांच्या आत अंगाभोवती भिंती उभ्या करायच्या. कारण दहाव्या दिवशी वारा सुटतो आणि उघड्यावरचा माणूस त्यात टिकत नाही. खेळातला एक दिवस बारा मिनिटांचा, आणि ज्याचं त्याचं घड्याळ तो खेळत असेल तेवढंच चालतं. वाऱ्याचा आवाज म्हणजे मी रिकाम्या बाटलीत फुंकर मारते आहे.

ताई सकाळी एका शाळेतले संगणक दुरुस्त करते. मी एका छापखान्यासाठी डब्यांवरची लेबलं काढते. दुपारनंतर आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत, आईच्या शिवणयंत्राशेजारच्या टेबलावर, हे जग चालवतो. खेळ आम्ही एका ऑनलाइन दुकानात ठेवला होता. त्या वेळी या जगात दोनशे चौदा माणसं होती. त्यातली चार आमच्या नात्यातली, म्हणजे खरी दोनशे दहा.

*

बाबा गवंडी. अडतीस वर्षं भिंती बांधल्या.

दीड वर्षापूर्वी ते एके दिवशी सकाळी अकरा वाजता हत्यारांची पिशवी घेऊन घरी आले. हातपाय धुतले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “संपलं काम.” बाकीचं आईला मुकादमाच्या बायकोकडून कळलं. एका इमारतीत जिन्याची भिंत बांधली होती, ती दोन बोटं कलली. मुकादमाने ती बाबांच्या डोळ्यांदेखत पाडायला लावली, तीही कालपरवा कामाला लागलेल्या लोकांकडून.

त्यानंतर दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. गेले नाहीत. डोळे तपासून घेतले. नंबर होता तोच. हात थरथरत नव्हता. पूर्वी रस्त्यात कुठे नवी भिंत दिसली की थांबून तिला यथेच्छ नावं ठेवायचे. आता बांधकाम दिसलं की मागच्या गल्लीने वळायचे. आम्ही ते पाहिलं की दुसरीकडे बघायचो.

*

त्यांना संगणकापुढे बसवायची कल्पना ताईची.

“बाबा, जरा तपासून द्या ना.”

“मला काय कळतंय त्यात?”

“भिंत बांधायची आहे.”

“तुझ्या त्या डब्यात?”

“हो.”

“विटा कुठायत?”

“आधी माती खणा. मग भट्टी लावा. मग विटा.”

“म्हणजे विटाही मीच भाजायच्या?” बाबांनी खुर्ची पुढे ओढली. “मुकादम कोण आहे इथला?”

“मी,” ताई म्हणाली.

“वाटलंच.”

*

बाबांच्या वहीतून

(वही जुनी होती, मागच्या पानांवर खिडक्यांची मापं होती. ताईने ‘काही चुकीचं दिसलं की लिहा’ असं सांगितलं होतं.)

१. वरची वीट ठेवली आणि खालची काढली. वरची जागच्या जागी. तिला कुणी धरलंय?

२. अर्धी वीट नाही. अर्ध्या विटेशिवाय सांधा मोडता येत नाही.

३. मेंढी भिंतीतून आरपार गेली. दोनदा.

४. भिंतीला पाणी मारलं. काही झालं नाही. तरी मारतोय.

५. मेंढीला दुसरा डोळा द्या. माझ्याकडे तिरकं बघते.

६. क्र. १ बद्दल अजून उत्तर नाही.

*

सांधा मोडणं म्हणजे काय, हे त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर काडेपेट्या मांडून शिकवलं. दोन विटांमध्ये जी उभी फट असते, त्या फटीवर फट येऊ द्यायची नाही. खालच्या फटीवर वरच्या विटेचं पोट आलं पाहिजे.

[____][____][____]
[_][____][____][_]
[____][____][____]

“नाहीतर वरपासून खालपर्यंत एकच चीर जाते,” ते म्हणाले. “बघ, मधल्या थराच्या दोन्ही टोकांना अर्धी वीट लागली.”

“अहो,” आई ओट्यापाशी उभी होती, “स्वयंपाकघरातली फळी दीड वर्ष एका खिळ्यावर लोंबकळतेय. तिला तुम्हाला वेळ नाही. आणि तिकडे मेंढ्यांना गोठा बांधताय.”

“मेंढ्यांना वारा लागतो.”

“मला लागत नाही वाटतं?”

“तुला लागतो कुठे? तूच सोडतेस.”

आईने काडेपेटी उचलून गॅस पेटवला. भिंतीतली मधली वीट गेली. बाबा कितीतरी महिन्यांनी हसले.

*

आवृत्ती ०.५

– अर्धी वीट आली आहे. ती आमच्या बांधकाम सल्लागारांनी मागितली. आता आमच्याकडे बांधकाम सल्लागार आहेत.

– माळावर जागे झालात की डाव्या हाताला एक लहान खोली दिसेल. ती सल्लागारांनी बांधली आहे. तिच्यात राहू नका, ती बघायला आहे.

– मेंढ्या भिंतीतून जाणार नाहीत.

– डोळा: पुढच्या वेळी.

*

पहिल्या दिवसापासून आमचा खेळ खेळणारं एक माणूस होतं, त्याने स्वतःचं नाव ‘कासव’ ठेवलं होतं. बाई की बुवा, आम्हाला ठाऊक नाही. कासव दर आठवड्याला निरोप पाठवायचं. ती लहान खोली आली तेव्हा त्याने लिहिलं: *सल्लागारांच्या खोलीसमोर तासभर उभा राहून थर मोजले. माझी सगळी पूर्व बाजू पाडून परत बांधतोय. त्यांना सांगा.*

“म्हणजे बुवा आहे,” मी म्हणाले.

“पूर्व बाजू सगळी पाडली?” बाबांनी विचारलं. दोनदा विचारलं. मग उठून उगाच दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

*

पाण्याचं ताईच्या लक्षात आलं ते आकड्यांवरून. खेळात कुठली वस्तू किती वेळा वापरली गेली, ते तिला दिसतं.

“सगळ्यांनी मिळून बादली वापरली सव्वादोन हजार वेळा,” ती म्हणाली. “त्यातल्या एकोणीसशे एकाच माणसाच्या.”

आम्ही दोघींनी बाबांकडे पाहिलं. ते नव्या भिंतीवर बादली ओतत होते. मग नदीवर गेले. भरून आणली. ओतली.

“बाबा, त्याने काही होत नाही,” ताई म्हणाली. “पाण्याचं आणि भिंतीचं काही जोडलेलंच नाही मी.”

“ओल्या भिंतीला पाणी नाही मारलं तर माल भाजून जातो. सात दिवस मारायचं.” माल म्हणजे विटांच्या मधला सिमेंट-वाळूचा गारा.

“पण इथे माल नाहीये. नुसते ठोकळे आहेत.”

“तू घाल की मग.”

मला ताईची मान कळते. ती एका बाजूला झुकली की पुढचे दोन महिने गेले म्हणून समजावं.

खरोखर दोन महिने गेले. बाबांची खुर्ची ताईच्या खुर्चीला लागून आली. माल किती वेळात धरतो? पाणी एक दिवस चुकलं तर? दोन दिवस? वारा आडवा आला तर आधी काय जातं, कोपरा की मध्य? बाबा उत्तरं द्यायचे, हाताने हवेत भिंत दाखवायचे, ताईचं डोकं खायचे. “असं लगेच नाही कोसळत गं. आधी पोट काढते, मधे फुगते.” मग ताईने भिंतीला पोट काढायला शिकवलं. एके दुपारी पहिल्यांदा एक भिंत खरोखर पोट काढून पडली आणि दोघं टाळ्या पिटून हसले. आई शिलाई थांबवून म्हणाली, “या घरात पडलेल्या भिंतीवर कुणी हसेल असं वाटलं नव्हतं मला.”

मग बाबा म्हणाले, “दोरा संपला का गं तुझा?” आणि ते तेवढ्यावर निभावलं.

*

आवृत्ती ०.७ : भिंतींना वजन

– खालचा ठोकळा काढला तर वरचा पडेल. ज्यांनी हवेत घरं बांधली आहेत त्यांनी खाली खांब द्यावेत. आम्ही पंधरा दिवस आधी कळवलं होतं.

– विटांच्या भिंतीत आता माल आहे. नवी भिंत ओली असते. सात दिवस, किंवा वारा आधी आला तर तोपर्यंत, रोज पाणी मारा. मारलं तर भिंत पक्की. नाही मारलं तर दहाव्या दिवशी तुम्ही आणि वारा बघून घ्या.

– हे सगळं आमच्या सल्लागारांकडून आलं. शेवटच्या पानावर श्रेयनामावलीत आता तीन माणसं आहेत.

– मेंढीला दुसरा डोळा.

ही आवृत्ती मंगळवारी दुपारी चार वाजता गेली.

*

बुधवार, गुरुवार. दुकानातल्या खेळाच्या पानावर

*एक तारा.* दोन वर्षांचं घर. पहिल्याच वाऱ्यात. खांब दिले होते, सगळं दिलं होतं. अभिनंदन.

*एक तारा.* मेंढीला दुसरा डोळा मिळाला आणि दोन्ही डोळ्यांनी तिने पहिलं काय पाहिलं, तर माझं छप्पर तिच्या अंगावर येताना.

*दोन तारे.* वाऱ्याचा आवाज चांगला आहे.

*एक तारा.* सल्लागारांना म्हणावं, आधी स्वतःचं घर उभं करून दाखवा.

*एक तारा.* सगळं गेलं. सगळं म्हणजे सगळं.

*

ताई दोन दिवस त्या पानापुढून हलली नाही. प्रत्येकाला उत्तर लिहीत होती, माफी मागत होती, ‘शोधतो आहोत’ म्हणत होती. मी चहा करत होते आणि तो गार होत होता. सगळ्यांच्या घरांची मंगळवारची प्रत तिने जपून ठेवलेली होती, तेवढाच जिवाला आधार. पण घरं का पडली ते कळल्याशिवाय प्रत परत देऊन उपयोग नव्हता. पुढच्या वाऱ्यात परत पडली असती.

या गडबडीत एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली. बाबा बुधवारी सकाळी डोळे दुखतात म्हणून उठले होते आणि मग पुन्हा खुर्चीत बसलेच नव्हते.

शुक्रवारी मी सल्लागारांच्या खोलीचं चित्र काढून घ्यायला त्यांच्या नावाने खेळ उघडला. त्यांचं स्वतःचं घर नदीच्या काठाला होतं. सात महिने बांधलेलं, तीन खोल्या, ओसरी, कमान. मी नदीपाशी गेले. विटांचा ढीग होता. पाण्यातसुद्धा विटा होत्या. मागच्या बाजूला मेंढ्यांच्या नव्या गोठ्याची कमरेएवढी भिंत तेवढी उभी होती आणि मेंढी तिच्यामागे दोन्ही डोळे उघडे ठेवून उभी होती.

बाबा गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्यांनी आजवर कधी कपडे वाळत घातले नव्हते.

“बाबा, तुमचं घर पडलंय.”

“हं.”

“सांगितलं का नाही?”

“त्यात काय सांगायचं? पडलं.”

“अहो, सगळ्यांची पडलीयेत. खेळातच काहीतरी चुकलंय.”

“त्यांचं मला माहीत नाही. ते काही गवंडी नाहीत.” त्यांनी आईचा परकर झटकला. “माझं मीच बांधलं होतं. बारका गोठा तेवढा जमला. मोठं काम आता होत नाही माझ्याने. बरं झालं, इथेच कळलं. कुणाच्या डोक्यावर नाही पडलं.”

“बाबा...”

“चिमटे दे.”

मी चिमटे दिले. परकर उलटा घातला होता, ते मी बोलले नाही.

*

ताईला चूक सापडली ती त्याच दिवशी शाळेत. एका मुलाने संगणकाची बॅटरी काढून परत बसवली होती. संगणक सुरू झाला आणि त्याने तारीख विचारली. ताई टेबलाखाली बसली होती, तिथेच कपाळावर हात मारून घेतला आणि डोकं टेबलाला आपटून घेतलं. मग घरी आली आणि चपला न काढता मला म्हणाली:

“तारीख.”

“कसली?”

“भिंत ओली की पक्की, ते कशावरून ठरवते मी? बांधल्याच्या तारखेवरून. मंगळवारनंतर बांधलेल्या प्रत्येक विटेवर तारीख आहे. त्याआधीच्या विटांवर तारीख लिहिलेलीच नव्हती, कारण तेव्हा लागत नव्हती.”

“मग?”

“तारीख नसेल तर काय धरायचं, ते मी सांगितलंच नाही. मग खेळाने त्या दिवसाचीच धरली. सगळी जुनी घरं मंगळवारी चार वाजता बांधली गेली, सगळीच्या सगळी ओली. आणि जुन्या भिंतीला पाणी कोण मारणार?”

“कुणीच नाही.”

“कुणीच नाही!” ती खुर्चीत बसली. “दोन महिने बाबा माझ्या शेजारी बसले होते. मी त्यांना सगळं विचारलं. जुन्या भिंतीचं काय करायचं, हे नाही विचारलं.”

मी तिला गच्चीवरचं सांगितलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही रडते. रडली नाही. चपला काढल्या आणि बाबांना हाक मारली.

*

“चूक माझी आहे, बाबा.”

“असू दे.”

“असू दे नाही. खरंच माझी आहे. तारखेची.” तिने सगळं सांगितलं. पडद्यावर तिने लिहिलेल्या ओळी दाखवल्या. बाबा त्या ओळींकडे शेजारच्यांच्या लग्नाच्या फोटोकडे बघावं तसे बघत होते.

“मला काय कळतंय त्यात,” ते म्हणाले. “मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. बोल. मुकादमही बोलला होता, जमिनीचाच उतार असेल म्हणून. पाडायच्या आधी बोलला होता.”

“मी कशाला खोटं बोलेन?”

“मुली बोलतात.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे एक चित्र होतं. कासवाने गुरुवारी पाठवलं होतं, रागाचं एकही अक्षर न लिहिता. त्याच्या घराचा ढीग, आणि ढिगाच्या मधोमध एकटं उभं धुराडं. खाली एवढंच: *हे कसं काय राहिलं?*

“बाबा, हे कासवाचं घर,” मी म्हणाले. “ज्याने तुमचं बघून पूर्व बाजू परत बांधली. त्याने कसं बांधलं होतं ते सांगा. वाईट बांधलं होतं का?”

“मी कशाला दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवू?”

“आयुष्यभर ठेवलीत.”

आईचं शिवणयंत्र थांबलं. बाबांनी चष्मा पुसला, नाइलाज असल्यासारखा. मग खुर्ची पुढे ओढली.

बराच वेळ ते बोट पडद्यावर ठेवून ढिगाच्या कडेने फिरवत होते. एका जागी पूर्व बाजूचा हातभर तुकडा जमिनीलगत शाबूत होता.

“हे मोठं कर.”

मी केलं.

“सांधे मोडलेत त्याने,” बाबा म्हणाले. “प्रत्येक थराला. कोपऱ्यात विटा एकमेकींत घुसवल्यात, बघ. हे तर मी सांगितलंही नव्हतं. बघून केलंय.” बोट वर गेलं. “पाया दोन विटांचा. छप्पर हलकं.” मग ते मागे रेलले. “ही भिंत पडायला नको होती.”

त्यांचं बोट धुराड्याकडे गेलं.

“हे धुराडं कधीचं?”

“परवाचं,” मी म्हणाले. “बुधवारी सकाळी बांधलं आणि वाऱ्यापर्यंत रोज पाणी मारलं, असं मी विचारल्यावर त्याने कळवलंय.”

“आणि भिंत?”

“दोन वर्षांची. पूर्व बाजू सहा महिन्यांची.”

“माझा नवा गोठाही बुधवारचाच. रोज पाणी मारलेला,” बाबा हळूच म्हणाले. मग ताईकडे वळले. “त्या विटेवर तारीख दिसते म्हणालीस. दाखव.”

ताईने मंगळवारची प्रत उघडली. कासवाची भिंत उभी होती, अख्खी, देखणी. तिने पायातल्या एका विटेवर बाण नेला. चौकट आली. *बांधली: मंगळवार, दुपारी ४.*

“ही वीट?”

“हो.”

“दोन वर्षांपूर्वीची?”

“हो.”

“म्हणजे तुझ्या डब्याला वाटलं की या माणसाने अख्खं घर, पायापासून कौलांपर्यंत, मंगळवारी दुपारी चार वाजता एका दमात बांधलं?”

“हो.”

“आणि माझंही?”

“हो, बाबा.”

बाबा उठून उभे राहिले. इतका आवाज मी त्यांचा दीड वर्षात ऐकला नव्हता. “अगं, अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस! एवढी शिकलीस, शाळेतले संगणक दुरुस्त करतेस! जुन्या भिंतीला कुणी पाणी मारतं का? ती कधीच मुरलेली असते! साधं विचारायचं नाही? मी काय शेजारी मेंढ्या मोजत बसलो होतो? दोनशे लोकांची घरं पाडलीस! एखादा हाताखालचा असता ना, तर त्याला दिवसभर वाळू चाळायला बसवलं असतं मी!”

“चुकलं,” ताई म्हणाली. ती रडत होती आणि तिचे दात दिसत होते.

“दात काय काढतेस? लोक शिव्या घालतायत तिकडे!”

“अहो, हळू,” आई म्हणाली. “खालच्या मजल्यावर ऐकू जाईल.”

“जाऊ दे! कळू दे त्यांना, ही मुकादम आहे म्हणे!”

ते पाणी प्यायले. अर्धा पेला एका घोटात. राग उतरायला लागला तशी त्यांची नजर पुन्हा पडद्यावरच्या भिंतीकडे गेली.

“जिन्याची होती ना, ती,” ते म्हणाले. कुणाकडे न बघता. “तिला त्या दिवशी मी ओळंबा लावलाच नव्हता. दोरीला वजन बांधून सोडायचं, एवढंच काम. दोन मिनिटांचं. अडतीस वर्षं झाली, म्हटलं नजरेनेच कळतं. घाईत होतो.” पेला खाली ठेवला. “ती माझीच होती. उतारबितार काही नव्हता. ती पाडली ते बरोबर केलं.”

आईने मशीनवरून मान वर केली नाही, पण चाक फिरवायचा हात तसाच धरून ठेवला.

“पण ही नाही,” बाबा म्हणाले आणि पडद्याला बोट लावलं. “ही हिची.”

*

आवृत्ती ०.७.१

– आमच्याकडून मोठी चूक झाली. जुन्या भिंती खेळाने नव्या समजल्या. जिची तारीख माहीत नाही ती भिंत यापुढे जुनी आणि पक्की धरली जाईल. मंगळवारच्या आधीची सगळी घरं होती तशी परत दिली आहेत.

– चूक लिहिणारीची आहे. सल्लागारांची नाही. सल्लागारांना विचारलंच नव्हतं.

– *(सल्लागारांनी वरच्या ओळीत “अजिबात” हा शब्द घालायला सांगितला आहे. – काढणारी)*

*

“बाबा, तुमचंही घर परत देते,” ताई म्हणाली. “एक बटण दाबायचं आहे.”

“माझं नको.”

“का?”

“खिडकी चुकीच्या अंगाला ठेवली होती. सात महिने मनाला लागून राहिलंय. आता ढीग झालाच आहे तर नीट करतो.” त्यांनी माऊस हातात घेतला. “त्या कासवाला लिही, येत असेल तर ये म्हणावं. कोपरे बरे लावतो. विटा उचलायला माणूस लागेल.”

कासव आलं. हिरव्या टोपीचा ठोकळ्यांचा माणूस नदीच्या पलीकडून चालत आला आणि ढिगाशेजारी उभा राहिला. *कुठून सुरू करायचं?* असं त्याने लिहिलं. बाबांनी एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत लिहिलं: *आधी सगळं उचल. मग बोलू.*

दोघांनी मिळून तासभर विटा वेचल्या. नदीतल्या कासवाने काढल्या. मग पाया आखला. पहिला थर बसला. दुसऱ्या थराच्या पाचव्या विटेला बाबांचा हात थांबला.

“चुकलं,” ते मोठ्याने म्हणाले, वीट काढली, अर्धी बसवली आणि पुढे गेले.

मी मागे उभी होते. पडद्याच्या कोपऱ्यात वाऱ्याला उरलेले दिवस दिसत होते.

“बाबा, चारच दिवस आहेत. होईल का?”

“छे, कुठलं होतंय. निम्मी होईल.” त्यांनी पुढची वीट उचलली. “तिच्यामागे बसू दोघं.”